सतरा एक

आउने कार्क्काइनेनच्या वडिलांनी
तळ्याच्या काठाने सतरा बर्च लावले, एका ओळीत.
सतराच का?
तर रोपवाल्याकडे तेवढीच उरली होती.

हिवाळ्यात कूह्मोला दहाला उजाडतं, दोनला मावळतं.
मी मंगळवारी नि शुक्रवारी तिच्या गोळ्यांची डबी भरायला जाते.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून
पांढऱ्यावर पांढरी खोडं दिसतात:

11111111111111111

लाकूडगिरणीत चाळीस वर्षं जमाखर्च लिहिलेली बाई.
आकडा दिसला की तो फुटतो का
हे पाहिल्याशिवाय तिला घास जात नाही.
दोनने नाही, पाचने नाही.
अंकांची बेरीज सतरा, म्हणून तीन बाद.
एकाआड एक मिळवा, वजा करा, उरतो एक: अकराही गेला.
वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकाने तिला सांगितलं,
चौतिसाच्या पटीत एक मिळवून जो येईल
त्यालाच या आकड्याचं दार वाजवता येतं.
बाकीच्यांनी रस्ताही विचारू नये.

मग सुरू झालं.
एकशे तीन. एकशे सदतीस. दोनशे एकोणचाळीस.
दहाने गुण, एक मिळव, जाईल तेवढं वजा कर,
असं सतरा वेळा.
शेवटी काहीतरी उरतंच.
दिवसाला दहा मूळसंख्या, कॉफीचे चार पेले,
नि पेन्सिलीचा भुसा बशीत.

मी एकदा वहीच्या कोपऱ्यात
आमचा एक काढून दाखवला: १
ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, बर्फ साचला की बर्च असंच वाकतं.
काही वसंतात परत उभी राहतात.
काही नाही.

जुन्या मोजणीत, मी तिला सांगितलं,
या आकड्याच्या पहिल्या एकाच्या घराला 'मध्य' म्हणतात.
एवढं चढून गेल्यावर मध्य?
ती हसली. परार्ध अजून एक पायरी वर होतं.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या वाऱ्यात
डावीकडून सहावं झाड पडलं.
भाऊ तौनो आला, करवतीने तुकडे केले,
कुऱ्हाडीने फोडून सौनामागे रचले.
आता सोळाच, तो म्हणाला, सोप्पं झालं तुझं.
सोप्पं तर होतंच:
सोळा एक अकराने फुटतात, सतराने फुटतात,
त्र्याहत्तराने, एकशे एकाने,
दारात आलेल्या कुणालाही आत घेतात.
आउनेने वहीतला एकही एक खोडला नाही.
पडलेल्या झाडाच्या जागी पेन्सिल ठेवून
पुढचा भाग लावला.

तिसऱ्या मे महिन्यात, एका गुरुवारी,
बाकी शून्य आली.
तळ्यावरचा बर्फ फुटून आठवडा झाला होता,
तिचं लक्ष नव्हतं.
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस,
आणि त्याचा जोडीदार

5363222357

ज्याच्या अंगावर एकही एक नाही.
सतरा एकांच्या पोटातून निघालेला,
आणि आईबापांवर अजिबात न गेलेला.
तिने तीनदा गुणून पाहिलं.
हातचे सगळे जागच्या जागी.

तौनोला फोन केला.
मग? तो म्हणाला.
मग काही नाही.
पलीकडून कुत्रा भुंकत होता, तो त्याला ओरडला,
नि विचारलं, बाकी काय म्हणतेस?
बाकी शून्य, तिने सांगितलं.
तो बरं म्हणाला.

पुढच्या मंगळवारी टेबलावर कोरी वही होती.
पहिल्या पानावर एकोणीस एक,
दोन अजून न लावलेली झाडं धरून.
मला माहीत होतं, मी आदल्या रात्रीच शोधलं होतं:
एकोणीस एक फुटत नाहीत.
कशानेच नाही, कुणाच्याच हयातीत नाही.
ती पेन्सिलीला टोक करत होती.
मी डबी उघडली.
सकाळच्या खणात दोन,
रात्रीच्या खणात एक.